रोजच्या वापरातील पिकअप: इंदूरच्या मालकांसाठी निगा आणि फेरबदल

पिकअप मुळात ओझे वाहण्यासाठी घडवलेली असते, परंतु इंदुरात ती रोज वापरणारे अनेक मालक दिवसाचा बराच वेळ रिकामा हौदा घेऊनच फिरतात. सकाळी चोइथराम मंडीतून भाजीची पोती, दुपारी लोहा मंडीतून सळ्या आणि उरलेला दिवस नुसती ये-जा, असा दिनक्रम असेल, तर निगा आणि फेरबदल या दोन्हींचा विचार भारक्षमतेपासून सुरू करावा. नोंदणीपत्रात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह एकूण वजन दिलेले असते. या दोहोंतील फरकातच माल, चालक, सोबती, हौद्यावरची चौकट आणि हत्यारांची पेटी हे सर्व बसवावे लागते. मर्यादेबाहेर माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड होतो.

रिकामी गाडी अधिक सुरक्षित असते, हा समज सोडून द्यावा. इंजिन आणि केबिन पुढे असल्यामुळे हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर थोडेच वजन येते, आणि बहुतेक पिकअपमध्ये इंजिनची ताकद त्याच चाकांना मिळते. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा निसरडा थर झाला, की वळणावर गाडीचा मागचा भाग सहज सरकतो. म्हणून हवेच्या दाबाकडे नीट लक्ष द्यावे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळा दाब ठरलेला असल्यास तो दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला असतो. भरलेल्या गाडीचा दाब कायम ठेवल्यास मागचे टायर मधोमध झिजतात आणि गाडी उसळते. याउलट कमी दाबावर माल लादल्यास टायर तापतो आणि मे महिन्याच्या उन्हात फुटण्याची भीती वाढते. दाब सकाळी, टायर थंड असतानाच मोजावा. पावसाळ्यात वजनासाठी वाळूची पोती ठेवायची असल्यास ती मागच्या आसाच्या बरोबर वर घट्ट बांधावीत, कारण फाळक्याजवळचे वजन पुढची चाके हलकी करते.

सर्वांत कमी विचाराने होणारा फेरबदल म्हणजे मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा (पोलादी पट्टी) टाकणे. त्यामुळे गाडी भाराखाली कमी बसते, हे खरे, परंतु तिची भारक्षमता वाढत नाही, कारण आस, बेअरिंग, ब्रेक आणि चॅसी तीच राहतात. त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो, जो गाडी ओझ्याने किती खाली बसली आहे यावरून भार ओळखतो आणि त्या मानाने मागच्या ब्रेकला दाब देतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडी पुरेशी खाली बसली नाही, तर त्या व्हॉल्व्हला ती हलकीच वाटते, मागचे ब्रेक दुबळे पडतात आणि महूहून जाम घाट उतरताना बहुतेक ताण पुढच्या ब्रेकवर येतो. तुटलेला पाटा बदलताना कंपनीने त्याच मॉडेलसाठी ठरवलेला पाटाच घ्यावा, व्हॉल्व्हची जुळणी तपासून घ्यावी आणि थोडे चालवल्यानंतर पाटे आसाला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. घाट उतरताना खालचा गियर सुरुवातीलाच टाकावा. ब्रेक तापल्यावर टाकलेल्या गियरचा उपयोग थोडाच असतो.

माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकल्यावरही मडगार्डच्या आत, चॅसीच्या खाचांत आणि पाट्यांच्या फटींत ओल धरून ठेवते. गाडी वरून चकचकीत दिसत असली, तरी गंज तेथूनच लागतो. पावसाळ्यात दर आठवड्याला खालून पाणी मारावे आणि हौद्यातील निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत. दसऱ्याला हार घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून तळ धुऊन घ्यावा, गंजाचे डाग घासावेत आणि संरक्षक लेप द्यावा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर इंजिनची ताकद मागच्या आसाकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या ज्या क्रॉसना (सांध्यांना) ग्रीस भरण्याचे निपल आहेत त्यांना नवे ग्रीस भरावे. डिझेल फिल्टरखालचे पाणीही काढून टाकावे.

ज्या डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर आहे, ती केवळ राजवाड्याच्या गर्दीत चालवल्यास काजळी जाळण्याइतकी तापत नाही, म्हणून अधूनमधून मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने न्यावी.

हौद्यात रबरी चटई आणि चारही कोपऱ्यांत बोल्टने बसवलेले बळकट हूक ही माझ्या मते सर्वांत उपयुक्त भर आहे. गणपतीची मूर्ती आणताना ती याच हुकांना पट्ट्यांनी बांधावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना मात्र हौद्यात बसवू नये. तो हौदा माणसांसाठी नाही आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडू शकते. पुढे लोखंडी गार्ड लावू नये, कारण असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत त्यांचा अडथळाही होतो. ताडपत्रीसाठी पाइपांची कायमची चौकट हवी असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारून आवश्यक ती मंजुरी घ्यावी, चौकट चॅसीला वेल्ड न करता बोल्टने बसवावी, हौद्यावर वेल्डिंग अटळ असल्यास बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, आणि बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी देऊन तिची पोच गाडीच्या कागदांसोबत ठेवावी.