घाट उतरण्यापूर्वी: देशावरून कोकणात जाणाऱ्यांसाठी

देशावरच्या माणसाने ‘चार दिवस कोकणात जाऊन येतो’ असे सांगितले, की कोकणातला माणूस लगेच विचारतो, ‘कोकणात म्हणजे कुठे?’ प्रवासाची आखणी या प्रश्नाच्या उत्तरापासून सुरू करावी, कारण पालघरपासून सावंतवाडीपर्यंतची ही पट्टी रुंदीला चिंचोळी असली तरी लांबीला पाचशे किलोमीटरहून अधिक आहे आणि तिच्या दोन टोकांची बोली, जेवण आणि रिवाज एकमेकांशी जेमतेम ओळख ठेवून आहेत. अलिबाग-मुरुडकडे आगरी आणि कोळी वस्तीचा ठसा आहे. संगमेश्वर-चिपळूण भागात संगमेश्वरी बोली कानावर पडते. राजापूर ओलांडून कणकवली-कुडाळकडे सरकले की मालवणी सुरू होते आणि तेथे स्वागत होते ते ‘खंयसून इलास?’ या शब्दांनी. 1981 साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तेव्हा ही जुनीच वेगळी ओळख सरकारी कागदावर आली, इतकेच. त्या भागाला तळकोकण म्हणतात. मालवणचा माणूस स्वतःला कोकणी म्हणवतो, पण पुण्या-कोल्हापूरच्या पाहुण्याने त्याच्या बोलीला सरसकट ‘कोकणी’ म्हटले की तो ‘आमची मालवणी’ अशी दुरुस्ती केल्यावाचून राहत नाही. कोकणी म्हटले की त्याच्या कानाला पलीकडचा गोवा ऐकू येतो.

जायचे ठिकाण ठरल्यावर घाट निवडावा. बहुतेक जण नेमके उलटे करतात: ओळखीचा घाट उतरतात आणि खाली गेल्यावर ठिकाण शोधत फिरतात. पुण्याहून ताम्हिणी घाटाने गेल्यास आपण माणगावजवळ, म्हणजे रायगड जिल्ह्यात उतरतो. भोरवरून वरंधा घाट महाडला नेतो, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट पोलादपूरला नेतो आणि कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट चिपळूणला पोहोचवतो. कोल्हापूरकडून पर्याय अधिक आहेत. आंबा घाट साखरपामार्गे रत्नागिरीला जातो आणि अणुस्कुरा घाट राजापूरच्या बाजूला उतरतो. गगनबावड्याला रस्त्याचे दोन फाटे होतात, त्यांपैकी करूळ घाट वैभववाडीकडे जातो आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या दिशेने. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट कणकवलीला नेतो, तर आजरा, गडहिंग्लज किंवा बेळगावकडून येणाऱ्यांना सावंतवाडीसाठी आंबोली हाच सरळ मार्ग आहे. थोडक्यात, मालवणला जाणाऱ्या कोल्हापूरकराने ‘रस्ता मोठा आहे’ म्हणून आंबा घाट पकडणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे.

घाटाची निवड इतकी महत्त्वाची का, याचे कारण कोकणच्या नद्यांमध्ये आहे. कृष्णा आणि गोदावरी या सह्याद्रीतच उगम पावून पूर्वेला शेकडो कोस वाहत बंगालच्या उपसागराला मिळतात. पश्चिमेकडे उतरणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, कर्ली या नद्यांना मात्र समुद्रापर्यंत जेमतेम पन्नास-शंभर किलोमीटरची धाव मिळते आणि त्यांची मुखे रुंद खाड्यांमध्ये पसरतात. परिणामी किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाताना दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. दाभोळला उभे राहून समोरच्या तीरावरचे धोपावे डोळ्यांनी दिसते, पण गाडीरस्त्याने तेथे पोहोचायचे तर चिपळूणपर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागते. म्हणूनच दापोलीहून गुहागरला जाणारे लोक दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जातात. बाणकोट खाडीवर वेसवी-बागमांडला आणि जयगड खाडीवर जयगड-तवसाळ अशाच फेऱ्या आहेत. फेरीबोटीची शेवटची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. नकाशावर वीतभर दिसणाऱ्या अंतराला अर्धा दिवस लागू शकतो, हे देशावरच्या सपाट रस्त्यांची सवय असलेल्या माणसाला एकदा अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर मोबाईलवरच्या नकाशावर विसंबू नये. दरड कोसळली किंवा रस्ता खचला तरी नकाशा काही वेळ तीच निळी रेघ दाखवत राहतो. घाटाखालच्या किंवा घाटावरच्या एसटी आगारात फोन करून ‘घाटातून गाड्या सुरू आहेत का?’ एवढेच विचारावे. एसटीने मार्ग बदलला असेल तर आपणही बदलावा, कारण त्या चालकांना घाटाचे वळण अन् वळण पाठ असते. वरंधा घाट अनेक पावसाळ्यांत प्रशासनच बंद ठेवते. करूळही कामासाठी दीर्घकाळ बंद राहिलेला आहे. इंधन वरच भरून घ्यावे, अंधार पडण्यापूर्वी घाट संपेल अशा बेताने निघावे, उतारावर ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा खालचा गिअर धरावा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. धबधब्याखाली गाडी उभी करून छायाचित्रे काढणाऱ्यांबद्दल घाटातले चालक काय बोलतात, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

रेल्वेचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खंडाळ्याच्या बोरघाटानंतर थेट गोव्याच्या सीमेवरील कॅसलरॉकपर्यंत सह्याद्री ओलांडणारा एकही लोहमार्ग नाही. 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे डोंगराच्या पायथ्याने दक्षिणोत्तर जाते. त्यामुळे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या माणसाला ती आधी मुंबई-पनवेल गाठल्याखेरीज फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय तिची कित्येक स्थानके ज्या गावाच्या नावाने ओळखली जातात त्या गावापासून दूर आहेत. राजापूर रोड आणि सावंतवाडी रोड या नावांतला ‘रोड’ हा शब्द गांभीर्याने घ्यावा. मालवणला आणि देवगडला तर रेल्वेच नाही, तेथे कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढची सोय पाहावी लागते. पावसाळ्यात या मार्गावर वेगळे, संथ वेळापत्रक लागू असते.

आता पत्त्याविषयी, कारण देशावरच्या पाहुण्याची खरी फजिती येथेच होते. देशावर गाव म्हणजे गावठाण: वेस, पार, चावडी आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. पाऊस कमी आणि विहिरी मोजक्या असल्यामुळे माणसे एकत्र राहिली. माण-खटावकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात, तर आंबोलीत तो सात हजारांच्या आसपास पडतो. कोकणात पाणी सगळीकडे, सपाट जमीन मात्र तुकड्यातुकड्यांत, म्हणून घरेही आपापल्या परड्यात, आपापल्या माडा-फणसांखाली विखुरली. एका गावाच्या दहा-बारा वाड्या असतात आणि पहिल्या वाडीपासून शेवटच्या वाडीपर्यंत चार-पाच किलोमीटर सहज होतात. मी कोल्हापूरकडचा. पहिल्यांदा एका स्नेह्याच्या घरी निघालो तेव्हा गावाचे नाव आणि आडनाव एवढीच शिदोरी बरोबर होती. गावात पोहोचलो तर ते आडनाव अर्ध्या गावाचे निघाले, आणि भर उन्हात उघडा कातळ तुडवून मी तिसऱ्या वाडीत त्यांच्याच नावाच्या भलत्या गृहस्थांकडे पाणी प्यालो. तेव्हा वाडीचे नाव, घराची खूण आणि जवळचे देऊळ या तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय निघू नये.

वाट सांगणारे शब्दही वेगळे आहेत. आपल्याकडे रस्ता फुटतो तेथे फाटा असतो, कोकणात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. हातखंब्याचा तिठा सगळ्या महामार्गाला ठाऊक आहे. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, पाणंद म्हणजे दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) अरुंद बोळवाट, व्हाळ म्हणजे ओहोळ, साकव म्हणजे त्याच्यावरचा छोटा पूल आणि सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा कातळ. ‘साकव ओलांडा, पाखाडी चढा, वर सड्यावर घर’ असे कोणी सांगितले तर गाडी साकवाअलीकडेच उभी करायची आहे, हे न सांगता समजले पाहिजे. ‘वर’ आणि ‘खाली’ या शब्दांचाही निराळा अर्थ आहे. कोकणात ‘तो वर गेला’ याचा एक अर्थ तो घाटावर गेला असाही होतो, हे ठाऊक नसल्यास उगाच दचकायला होते.

संबोधनाबाबत थोडी सावधगिरी बाळगावी. ‘घाटावरचे’ हे साधे दिशादर्शक विशेषण आहे आणि कोकणात कोणी आपल्याला तसे म्हटले तर राग मानण्याचे कारण नाही. मुंबईत त्याचेच ‘घाटी’ होऊन शिवी झाली, ही गोष्ट वेगळी. त्याची परतफेड म्हणून कोकणी माणसाच्या काटकसरीचे विनोद पहिल्याच भेटीत काढू नयेत. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर वर्षाचा हिशेब जुळवला, तेथे काटकसर हा विनोदाचा विषय नव्हता. मालवणी येत नसेल तर तिची नक्कलही करू नये, सरळ आपल्या मराठीत ‘काका’, ‘मावशी’ म्हणून बोलावे. कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात तेव्हा खाली लोकांना गंमत वाटते, आणि मालवणीत मुलीला ‘ता चेडू’ असे नपुंसकलिंगात संबोधतात तेव्हा आपल्याला. दोन्हीकडच्या लोकांना आपलीच रीत स्वाभाविक वाटते, त्यामुळे दुरुस्ती करण्याच्या भरीस पडू नये.

दिवस निवडताना सुट्ट्यांपेक्षा स्थानिक पंचांग पाहावे. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी परततात. रेल्वेचे आरक्षण खुले होताच संपते, महामार्ग तुंबतो, आणि खाणावळ चालवणारी माणसेच आपापल्या घरच्या गणपतीत गुंतलेली असतात. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाटेत आली तर थांबावे, हॉर्न वाजवू नये. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे ती वर्षभर आधी कोणी सांगू शकत नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते, तेव्हा अख्खे गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहते. अशा वेळी तेथे खोली ठरवलेला पर्यटक कोणाला हाक मारणार?

मासे खायचे असतील तर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, हे जाणून जावे. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरणाऱ्याला बर्फातली सुरमई मिळते. त्यापेक्षा खाडीचे मासे किंवा सुका बांगडा मागावा. हापूससाठी एप्रिल-मे हे महिने बरे. घरगुती खाणावळीत जेवण आधी सांगावे लागते, सकाळी नऊ वाजता दुपारचे आणि दुपारी रात्रीचे. आयत्या वेळी सहा जण दारात उभे राहिल्यास भात-पिठल्यावर भागवावे लागेल, आणि चूक खाणावळीची नसेल.

परतताना आंब्याच्या पेट्या गाडीच्या टपावर उन्हात बांधू नयेत, आणि खूप माल भरला असेल तर घाट चढण्यापूर्वी चाकांतली हवा पाहून घ्यावी. एसटीने येणाऱ्यांनी वस्तीच्या गाडीची चौकशी करावी. ती रात्री गावात मुक्कामाला येते आणि पहाटे तेथूनच निघते, त्यामुळे बसायला जागा हमखास मिळते, फक्त चालकाच्या आधी उठावे लागते.