प्राचीन नगराच्या नावाचा अर्थ कसा लावावा : काशी आणि वाराणसीच्या निमित्ताने

एखाद्या प्राचीन नगराच्या नावाचा अर्थ शोधायला बसले की पहिला मोह होतो तो कोश उघडून धातू पाहण्याचा. काशीच्या बाबतीत ‘काश्’ म्हणजे प्रकाशणे हा धातू लगेच सापडतो, ‘प्रकाशाची नगरी’ असा अर्थ वहीत उतरतो आणि शोध सुरू होण्याआधीच संपतो. त्याऐवजी वहीत चार रकाने आखावेत : नावाचे नेमके रूप, ते कोठे आढळले, साधारण काळ आणि ते नाव नेमके कशाला दिले आहे. चौथा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हा चौथा रकाना काशीसाठी भरून पाहावा. वैदिक वाङ्मयात ‘काशी’ हे प्रामुख्याने लोकांचे नाव आहे. ‘काशयः’ असे अनेकवचन दिसले की ते त्या जनसमूहाविषयी आहे, असे समजावे. बृहदारण्यक उपनिषदातला अजातशत्रू हा काशीचा राजा. पुढे बौद्ध ग्रंथांतील सोळा महाजनपदांच्या यादीत काशी हे राज्य आहे आणि बाराणसी ही त्याची राजधानी. लोक, मग त्यांचा प्रदेश आणि मग त्या प्रदेशातील मुख्य नगर, असा हा शब्द सरकत आला. नगर प्रकाशमय म्हणून त्याला काशी म्हणतात हे स्कंदपुराणातील काशीखंडाचे म्हणणे सुंदर आहे. पण ते नगराविषयी आहे, आणि नाव तर आधी माणसांचे होते. म्हणून ही नोंद पुसू नये, काशीखंडाच्या काळासमोर लिहावी.

पारंपरिक निरुक्ती, म्हणजे शब्दाची फोड करून सांगितलेला अर्थ, हाताळताना हीच सावधगिरी बाळगावी. जाबालोपनिषदात अविमुक्त क्षेत्र (काशीचेच एक नाव) ‘वरणा’ आणि ‘नासी’ यांच्या मध्ये आहे, असे सांगून लगेच खुलासा केला आहे की इंद्रियांचे दोष वारते ती वरणा आणि इंद्रियांची पापे नाशते ती नासी; हे स्थान तर भुवया आणि नाक यांच्या संधीवर आहे. म्हणजे तिथे नगराच्या नावातून शरीरातील ध्यानाची जागा दाखवली आहे. पुराणांत मात्र वरणा आणि असी या दोन नद्या होतात आणि त्यांच्यामधली ती वाराणसी, हा आज शाळकरी मुलालाही ठाऊक असलेला अर्थ येतो. तो तपासायचा असेल तर नकाशा घ्यावा. प्राचीन वस्तीचे अवशेष राजघाटच्या पठारावर, म्हणजे वरणेच्या (आजच्या वरुणेच्या) संगमाजवळ सापडले आहेत. असीचा लहानसा प्रवाह तेथून बराच दक्षिणेला आहे आणि नगर त्या दिशेला नंतर पसरले. त्यामुळे नावाचे मूळ एकाच नदीत असावे, हे मत मला अधिक पटते. दोन नद्यांचा अर्थ हा पसरलेल्या नगराचा, यात्रेच्या क्षेत्रसीमेचा अर्थ आहे, आणि त्या दृष्टीने तो खोटा म्हणता येत नाही.

ध्वनिबदल पाहताना फार लांब जाण्याची गरज नसते. वाराणसीचे पालीत बाराणसी झाले, ‘र’ आणि ‘ण’ यांनी जागा बदलल्या आणि बनारस तयार झाले. ‘बना’ आणि ‘रस’ अशी फोड करून सांगितलेला अर्थ ऐकायला गोड आहे, एवढेच.

यानंतर नाव कोणाच्या तोंडी आहे, हे विचारावे. इसवी सनपूर्व २ऱ्या शतकातील पतंजलीने महाभाष्य या आपल्या व्याकरणग्रंथात सहज जाता जाता नोंदवले आहे की व्यापारी वाराणसीला ‘जित्वरी’, म्हणजे जिंकणारी, म्हणतात. राजाचा नाही, ऋषीचा नाही, तर नफ्याच्या आशेने निघालेल्या वाण्याचा हा शब्द! त्याच ग्रंथात लांबी-रुंदी सारखी असूनही काशीच्या वस्त्राची किंमत वेगळी आणि मथुरेच्या वस्त्राची वेगळी, असे उदाहरण येते. तेव्हा नगराच्या नावापासून बनलेली विशेषणेही वहीत घ्यावीत : तिथला ‘काशिक’ हा शब्द कापडाचे मोल सांगतो आणि आजचा ‘बनारसी’ शालूही तेच करतो.

भक्तांची नावे वेगळ्या पानावर लिहावीत. शिव जिला कधी सोडत नाही ती अविमुक्त, शिवाच्या आनंदाचे वन ते आनंदवन, आणि जिथे मरणही मुक्ती देते ते महाश्मशान. ही एकमेकांची भाषांतरे नव्हेत.

सत्तेने दिलेली नावे नाण्यांवर आणि राजपत्रांत शोधावीत. मोगल काळात दिलेले मुहम्मदाबाद हे नाव नाण्यांवर आले, पण त्याच्या जोडीला बनारसही राहिले. स्वतंत्र भारतात २४ मे १९५६ रोजी वाराणसी हे अधिकृत नाव ठरले, तरी बाकीची नावे निवृत्त झाली नाहीत. त्या एका शहरात आज काशी, वाराणसी जंक्शन आणि बनारस अशी तीन वेगळी रेल्वे स्थानके आहेत, त्यामुळे तिकीट काढताना ही नावे समानार्थी मानणाऱ्याची पंचाईत होऊ शकते. तिथले विद्यापीठही हिंदीत ‘काशी’चे आणि इंग्रजीत ‘बनारस’चे आहे.

शेवटी आपल्या भाषेत त्या नावाचे काय झाले, हे पाहायला विसरू नये. करवीर आणि पैठण यांना दक्षिण काशी म्हणताना काशी हे विशेषनाम न राहता तीर्थाची प्रत होते. ‘काशीस जावे, नित्य वदावे’ या म्हणीत ती कधी न पूर्ण होणाऱ्या बेताची जागा घेते. आणि हातातले काम बिघडवणाऱ्याला आपण ‘काय काशी घातलीस!’ म्हणतो, तेव्हा तीही नोंद वहीत घ्यावी आणि तिच्या चौथ्या रकान्यात निःसंकोचपणे ‘विचका’ असे लिहावे.