शस्त्रक्रियेनंतरच्या ओपिऑइड गोळ्या घरी घेताना

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पॅरासिटामॉल ठरल्या वेळी घ्या. तरीही उठता-खोकता येत नसेल तेव्हाच लिहून दिलेली ओपिऑइड गोळी, म्हणजे ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनसारखं जोरदार वेदनाशामक. दुखणं पार शून्यावर आणायचा हट्ट नको. चालता आलं, खोल श्वास घेता आला की पुरे.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. तेही हिशेबात धरा: प्रौढांना दिवसाकाठी एकूण ४ ग्रॅमच्या वर नाही, यकृत अधू असेल तर त्याहूनही कमी.

खरा धोका श्वास मंदावण्याचा, आणि त्याआधी बहुधा गुंगी येते. रुग्ण बोलता बोलता पेंगत असेल तर दुखतंय म्हणाला तरी पुढची गोळी थांबवा, डॉक्टरांना फोन करा. हलवूनही जाग येत नाही, ओठ निळसर, मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका. दारू सोबत नकोच, झोपेची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपेत श्वास अडकत असेल तर भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेआधीच सांगा.

मळमळ सहसा ओसरते, बद्धकोष्ठता नाही. रेचक पहिल्या गोळीपासूनच विचारून घ्या. उरलेल्या गोळ्या कुलपात, आणि गरज संपली की औषधांच्या दुकानात परत घेतात का ते विचारा.