नेगेव आणि मृत समुद्र फिरायचंय? आधी ऊन, पाणी आणि शनिवार बघा

बायबलातल्या जागा बघायला इस्रायलला जाणारे आपले बरेच जण यरुशलेम, बेथलेहेम, गालील करतात आणि परततात, खाली दक्षिणेचं वाळवंट, म्हणजे नेगेव, राहूनच जातं. मी मुद्दाम तेच केलं, गाडी भाड्याने घेऊन, आणि त्यातून जे शिकलो ते लिहितोय. सगळ्यात आधी, सरकारची प्रवास सूचना बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, तिकडची परिस्थिती कधीही बदलते. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी निळी चिठ्ठी देतात, ती परत निघेपर्यंत जपून ठेवा, हॉटेलवाले मागतात.

सुरुवात वाळवंटातून नका करू, यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममधून करा. कारण तिकडच्या बऱ्याच जागी खरी वस्तू उचलून म्युझियममध्ये नेलीय आणि जागेवर नक्कल ठेवलीय. आधी खरी वस्तू बघितली की मग उन्हात ते दगड बोलायला लागतात, नाहीतर माझ्याबरोबरचे लोक म्हणत होते तसं 'नुसत्या पडक्या भिंती'.

मग रस्ता सरळ खाली उतरतो, मृत समुद्राकडे. पहिलं कुमरान. १९४७ मध्ये बेदुइन मेंढपाळांना बायबलातल्या ग्रंथांच्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्या सापडल्या त्या इथल्याच गुहांमध्ये. गुहेत जाता येत नाही, समोरच्या कठड्यावरून चौथी गुहा दिसते, तासाभरात होतं. हा भाग वेस्ट बँकमध्ये येतो, म्हणून गाडीचा विमा तिथे चालतो का हे भाड्याने घेतानाच लेखी विचारून घ्या.

पुढे एन-गेदी, शौल राजा मागे लागला तेव्हा दावीद लपला तो हा परिसर. सकाळी गेट उघडताच आत शिरा, नऊनंतर शाळेच्या सहली येतात आणि धबधब्यापाशी उभं राहायलाही जागा उरत नाही. डबा उघडा ठेवू नका, आयबेक्स म्हणजे रानबोकड अगदी जवळ येतात.

मसादा बायबलात नाहीये बरं का, तो हेरोद राजाचा किल्ला, पण सोडू नका. सापाच्या वाटेने (नागमोडी 'स्नेक पाथ') चढायला पाऊण ते एक तास, आणि फार ऊन असेल त्या दिवशी ती वाट सकाळीच बंद करतात, मग रोपवे. गंमत म्हणजे सुमारे तीनशे मीटर चढूनही तुम्ही जेमतेम समुद्रसपाटीच्या वर येता, कारण पायथाच सपाटीच्या खाली आहे, आणि मृत समुद्र तर ४३० मीटरहूनही जास्त खाली. आपल्या गडांवर कातळात टाकी असतात तशी इथेही आहेत, दक्षिण टोकाच्या मोठ्या टाक्यात पायऱ्यांनी उतरा, एवढ्या कोरड्या डोंगरावर माणसं कशी राहिली ते तिथे कळतं. आणि एक चूक टाळा: रोमन सैन्याने वेढा घातला तेव्हा वर चढायला रचलेला उतार पश्चिमेला आहे, तिथला रस्ता अरादकडून येतो, पूर्वेच्या पार्किंगमधून गाडीने पलीकडे जायला रस्ताच नाही. मी फोनवरचा नकाशा नीट न बघता निघालो आणि पूर्ण वळसा घालून सकाळ घालवली.

समुद्रात पोहायला एन-बोकेकला जा, आधल्या दिवशी दाढी करू नका (केलीत तर आठवण काढाल माझी), पाठीवर तरंगा, तोंड पाण्यात घालू नका, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. किनाऱ्यावर कुंपण दिसलं तर ओलांडू नका, पाणी मागे हटल्यामुळे खालचं मीठ विरघळतं आणि जमीन अचानक खचते.

आता माझा आवडता भाग. तेल अरादला ('तेल' म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड) यहूदा राज्याच्या काळातलं छोटं मंदिर आहे, दोन धूपवेद्यांसकट. २०२० मध्ये त्यांवरच्या काळ्या थराची तपासणी छापून आली, एकावर ऊद आणि दुसऱ्यावर चक्क गांजा! तिथून तेल बैर-शेबा. दारातच ६९ मीटर खोल विहीर, गाइड अब्राहामाची म्हणून सांगतात, पण जुन्या शहरात आणखी एक 'अब्राहामाची विहीर' आहे, तेव्हा भांडण नको, दोन्ही बघा. शिंगांची, म्हणजे कोपऱ्यांना शिंगासारखी टोकं असलेली, वेदी नीट बघा: तिचे दगड गोदामाच्या भिंतीत बांधकामासाठी वापरलेले सापडले, म्हणजे कोणीतरी ती मोडली होती, हिज्कीया राजाने उच्चस्थानं (यरुशलेमबाहेरची पूजास्थानं) मोडली त्याच्याशी बरेच जण याचा संबंध लावतात. पाण्याच्या भुयारात हेल्मेट घालून उतरायचं, बाहेर ४० डिग्री असलं तरी आत गार.

ओढ्याकाठी पांढरट, काटक्यांसारखं झुडूप दिसेल, रोतेम. एलिया बैर-शेबापुढे दिवसभर चालून याच्याखालीच बसला होता. मीपण बसलो, सावली म्हणाल तर चाळणीसारखी. म्हणून टोपी हवीच आणि माणशी दिवसाला निदान तीन लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं. नोव्हेंबर ते मार्च बरा काळ, पण तेव्हाच पूर येतात. डोक्यावर आभाळ निळं असलं तरी लांबच्या डोंगरावर पाऊस पडला की कोरड्या ओढ्यात लोंढा येतो, हवामानाचा इशारा असेल तर ओढ्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

शुक्रवार दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत बस नाही, दुकानं बंद, साइट्सही शुक्रवारी लवकर मिटतात. कोकणात बेने इस्रायल, म्हणजे तिथल्या मराठी ज्यू लोकांना 'शनिवार तेली' म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद, तेच इथे अख्ख्या देशाला लावा. त्यांच्यातले बरेच जण दिमोनाला राहतात, ममशितची नबातियन (प्राचीन अरब व्यापारी लोकांची) नगरी तिथून अगदी जवळ. माझ्यासारखं उलटं नका करू, आधी दिमोनात खाऊन घ्या आणि मग ममशित. मी दिमोनाला शुक्रवारी दोन वाजता पोचलो तर शटर ओढत असलेल्या आजी मराठीत म्हणाल्या, "आता कुठं रे, उशीर झाला," आणि तरी आतून पोह्यांच्या मलिद्याचा एक डबा आणून दिला.