लोकलला घालायचं घड्याळ आणि कपाटात जपायचं घड्याळ

वडिलांची दोन घड्याळं माझ्याकडे आहेत. एक एचएमटी जनता, चावीचं, जे त्यांनी वागळे इस्टेटच्या कंपनीत वर्षानुवर्षं रोज घातलं, आणि दुसरं रिटायरमेंटला मिळालेलं सोनेरी क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरचं, जे "चांगलं आहे, लग्नाकार्याला घालू" म्हणून डबीतच राहिलं. जनताची काच धुरकट झालीये, कडेचा क्रोम उडून खालचं पितळ दिसतं, पण चावी दिली की लगेच टिकटिक सुरू. डबीतलं उघडलं तेव्हा काचेवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं, आणि आतला सेल फुटून त्याचा थर सगळ्या मशीनवर चढलेला, दुरुस्तीवाल्या काकांनी बघूनच मान हलवली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की ओरखड्याने घड्याळ जात नाही, जातं ते पाण्याने, घामाने आणि विसरून गेलेल्या सेलने. रोज घालणार असाल तरी आणि जपून ठेवणार असाल तरी, लक्ष तिथे द्यायचं.

मी रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रबाळ्याला जातो, एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, त्यामुळे घड्याळाचं काय काय होतं ते दररोज बघतो. दरवाज्याच्या दांडीला घासतं, पुढच्याच्या बॅगच्या चेनला अडकतं, शॉपमध्ये कुलंट, म्हणजे मशीन थंड ठेवायचं पाणी, उडतं, जून ते सप्टेंबर तर सुकतच नाही.

तर पहिलं काम, घरातलं कुठलं घड्याळ वापरायचं आणि कुठलं जपायचं हे आधी ठरवा आणि मग ठरवलेलं पाळा. माझी कसोटी साधी आहे, हे घड्याळ आज लोकलच्या दांडीला खरचटलं तर मला दिवसभर टोचत राहील का? राहणार असेल तर ते रोजचं नाही, कितीही मजबूत असो. आणि नसेल राहणार तर बिनधास्त घाला, सतत बाही खाली ओढून झाकत बसू नका. घातलंय पण जीव सगळा घड्याळात, याच्यात मजा पण नाही आणि घड्याळ पण वाचत नाही.

आता रोजच्या घड्याळाबद्दल. सगळ्यात आधी उलटं करून मागचं झाकण वाचा. ३० मीटर किंवा ३ बार लिहिलं असेल तर ते घालून ३० मीटर खोल जाता येतं असा त्याचा अर्थ अजिबात नाही, तो आकडा लॅबमधल्या स्थिर दाबाचा आहे. प्रत्यक्षात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, बस. ५० मीटर म्हणजे पावसात भिजलात तर बहुतेक चालून जातं, १०० मीटर असेल तर पोहायला हरकत नाही, आणि २०० मीटरचं आणि बाजूची वेळ लावायची चावी स्क्रूसारखी फिरवून बंद होणारी असेल तर आपल्या कुठल्याही पावसाला पुरून उरतं. ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा रोजचं घड्याळ घ्यायचं तर १०० मीटरच्या खाली मी तरी कोणाला सांगणार नाही. गरम पाण्याची आंघोळ मात्र कुठल्याच घड्याळाला नको, गरमीने आणि साबणाने आतली रबर रिंग लवकर खराब होते.

आणि हा आकडा नव्या घड्याळाचा असतो हे लोक विसरतात. पाणी अडवते ती झाकणाखालची आणि चावीजवळची रबराची बारीक रिंग, ती काही वर्षांत कडक होते, चपटी होते. माझं स्वतःचं एक १०० मीटरवालं घड्याळ असंच गेलं. स्टेशनजवळ सेल बदलून घेतला, दोन मिनिटांचं काम, त्या माणसाने झाकण दाबून लावलं आणि रिंग एका जागी दुमडलेली राहिली, मला काय कळणार. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात काचेच्या आत वाफ जमली आणि आठवड्यात काट्यांना गंज. तेव्हापासून सेल बदलताना मी समोर उभा राहतो आणि तीन गोष्टी स्पष्ट बोलतो: काका, रिंग बघा, कडक असेल तर नवीन टाका, आणि लावताना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. प्रेशर टेस्टचं मशीन असलेला माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी त्याच्याकडेच जा, आणि हे सगळं मे महिन्यात उरकून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर नाही.

चावीची सवय पण लावून घ्या. वेळ लावून झाली की चावी पूर्ण आत गेली का ते बोटाने चाचपून बघायचं, स्क्रूची असेल तर फिरवून बंद करायची, जोर लावून नाही, हलक्या हाताने आटे जुळले की मग. हात ओला असताना चावी ओढायचीच नाही. तारीखवालं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ च्या मध्ये तारीख बदलू नका, त्या वेळात आतली चाकं तारीख ढकलायच्या कामाला लागलेली असतात, दात तुटू शकतो.

काचेचे तीन प्रकार आहेत आणि आपल्याकडे कुठली आहे हे माहीत असलं की अर्धं टेन्शन जातं. जुन्या एचएमटीला असते ती ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच, पटकन ओरखडे पडतात पण घासून निघतात. पांढरी साधी टूथपेस्ट, जेलवाली नाही, कापसावर मुगाएवढी घ्या, गोल गोल पाच मिनिटं घासा, ओल्या फडक्याने पुसा, दोन-तीनदा करा. जनताची काच मी अशीच बरीच साफ केली, आता आकडे नीट वाचता येतात. घासताना पेस्ट कडेच्या फटीत जाऊ देऊ नका, आणि घड्याळ नळाखाली धरू नका. दुसरी मिनरल काच, तिच्यावर टूथपेस्ट चालत नाही, ओरखडा पडला की पडला, पण ती बदलून मिळते आणि महाग नसते. तिसरी सफायर. धुळीत जी वाळू असते ती क्वार्ट्झ नावाच्या खनिजाची, तिचा कठीणपणा मोहस स्केलवर ७, मिनरल काच त्याच्या खाली, सफायर ९, म्हणून भिंतीला घासलं तरी सफायरला काही होत नाही, उलट भिंतीचा चुनाच तिच्यावर लागतो. पण तीच सफायर बाथरूमच्या टाइलवर आपटली तर तडकू शकते. आमच्या शॉपमध्ये मी मिनरलच घालतो, गेली तर गेली.

पट्ट्यावर जरा थांबतो, कारण ट्रेनमध्ये घड्याळं हरवतात ती पट्ट्यामुळे. पट्टा आणि घड्याळ जोडणारी जी स्प्रिंगची पिन असते ती एवढीशी, घामाने गंजते, आणि एक दिवस ऐरोलीला उतरताना गर्दीत हात ओढला गेला की तुटते आणि घड्याळ सरळ प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या फटीत. पिनांची जोडी अगदी स्वस्त मिळते, दर वर्षी बदला. त्याहून चांगलं म्हणजे एकसलग नायलॉनचा पट्टा, ज्याला नाटो म्हणतात, जो ब्रिटिश सैन्याच्या १९७३ च्या स्टँडर्डमधून आलाय. तो घड्याळाच्या पाठीमागून दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. माझं वाचलंय असं एकदा, तुर्भ्याच्या जिन्यावर. घेताना घड्याळाच्या ज्या दोन शिंगांमध्ये पट्टा बसतो त्यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजा, १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं सहसा, अंदाजाने आणलेला पट्टा बसत नाही.

लेदर पावसाळ्यात काढूनच ठेवा, कुबट वास येतो आणि बुरशी धरते, नायलॉन नाहीतर रबर घाला. स्टीलच्या चेनमध्ये घाम आणि धूळ मिळून जो काळा मळ होतो तो कड्यांच्या आतल्या पिना घासत राहतो, म्हणून जुनी चेन सैल होऊन लोंबते. चेन काढून कोमट पाणी, भांड्यांचा साबण दोन थेंब आणि जुना टूथब्रश, महिन्यातून एकदा, आणि पूर्ण सुकल्यावरच परत लावायची. पाम बीच रोडला खाडीच्या वाऱ्यात धावायला जाणाऱ्यांनी घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा, मीठ स्टीलला पण सोडत नाही.

आपटण्याचं म्हणाल तर क्वार्ट्झ आणि डिजिटल जास्त सोसतं, चावीच्या आणि ऑटोमॅटिकच्या आत बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलून वेळ राखणारं नाजूक चाक असतं, त्याला शॉकची सोय असते पण हॅमर ड्रिल चालवताना, हातोडा मारताना किंवा क्रिकेट खेळताना ते काढून खिशात ठेवलेलं बरं. घोडबंदरच्या खड्ड्यांतून रोज बाईक चालवणाऱ्यांना मी सरळ कॅसिओचं जी-शॉक सांगतो. ते बनवणारे किकुओ इबे यांनी वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं म्हणून न फुटणारं घड्याळ करायचं मनावर घेतलं, दोनशेच्या वर नमुने केले आणि १९८३ ला पहिलं बाजारात आलं. बजेट कमी असेल तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून मिळतंय, हलकं आहे, सेल वर्षानुवर्षं चालतो, फक्त ते वर सांगितलेल्या १०० मीटरचं नाही, म्हणून पाण्यापासून सांभाळा.

आता जपायच्या घड्याळाकडे येऊ, कारण इथे लोक प्रेमापोटीच चुका करतात. नवीन घड्याळाचं प्लास्टिक आणि स्टिकर काढा, एकदा जरी हातात घातलं असेल तर त्याच्याखाली घाम अडकून डाग पडतात. क्वार्ट्झ सहा महिन्यांच्या वर ठेवायचं असेल तर सेल काढून ठेवा, चालू ठेवायचंच असेल तर मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा आणि बंद पडलेला सेल एक दिवसही आत ठेवू नका. वडिलांच्या त्या सोनेरी घड्याळाला एवढंच हवं होतं.

आपल्याकडच्या दमट हवेत बंद कपाट ही काही सुरक्षित जागा नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी वाळवायचं ते कळतं. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. लेदरचा पट्टा वेगळा ठेवा. स्पीकर, टॅबचं मॅग्नेटवालं कव्हर, मॅग्नेट बटणाची पर्स यांच्यापासून लांब ठेवा, कारण बॅलन्सची केसासारखी स्प्रिंग चुंबकाने चिकटली की घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. असं झालं तर घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं, डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढायच्या मशीनवर, काही सेकंदात ठीक होतं, बऱ्याच दुरुस्तीवाल्यांकडे ते असतं.

चावीचं असेल तर महिन्यातून एकदा चावी द्या आणि रात्रभर चालू द्या, म्हणजे वेळ सुटायला लागली तर कळतं. न घालता ठेवलं तरी आतलं तेल जुनं होतंच, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी सर्व्हिस लागतेच.

पॉलिश करू नका. हे कळकळीने सांगतोय. पॉलिश म्हणजे धातू खरवडून काढणं, दोन-तीनदा केलं की कडा गोल होतात आणि मूळ आकार परत येत नाही. डायल रंगवून तर मुळीच घेऊ नका. जुन्या घड्याळाची डायल नवीन रंगात छापून विकायचा धंदा आपल्याकडे एवढा चाललाय की बाहेरच्या देशातले घड्याळ जमवणारे अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि मला ते वाचून खरंच वाईट वाटलं होतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, म्हणजे मूळ डायल आता नवीन येणार नाहीत. घरात आजोबांचं पिवळट पडलेलं असेल तर तसंच ठेवा. ते दुरुस्तीला देताना आधी डायलचा आणि शक्य असेल तर आतल्या मशीनचा फोटो काढा आणि बदललेला प्रत्येक पार्ट परत मागा.

वडिलांचं जनता मी आता डिसेंबर ते फेब्रुवारी घालतो, हवा कोरडी असते आणि घाम कमी येतो, तेही रविवारी, गडकरीला नाटकाला जाताना किंवा तलावपाळीला चक्कर मारायला. पितळ उघडं पडलेल्या जागी घामाने हिरवं धरतं, म्हणून घरी आल्यावर कोरड्या सुती कपड्याने पुसून मगच डब्यात.

आणि एवढं करूनही काचेच्या आत वाफ दिसली तर काय करायचं ते नीट वाचा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाने आतलं पाणी निघत नाही. तव्याजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका. चावी ओढून "हवा लागू दे" करू नका, त्याने आणखी आत जातं. हातातून काढा, बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन मागचं झाकण उघडून घ्या. काटे आणि स्क्रूवर गंज दोन दिवसांतसुद्धा धरतो, समुद्राचं किंवा खाडीचं पाणी असेल तर त्याहून लवकर, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी येऊरहून भिजून आलात आणि काच धुरकट दिसली तर सोमवारवर टाकू नका, जांभळी नाक्याला दुकानं बंद व्हायच्या आत गाठा.