हुशार मुलाची लपलेली जखम: सोबत्यांनी आणि घरच्यांनी काय करावे

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अव्वल येतो आणि गावोगावी गुणवंतांचे फलक लागतात. परंतु त्यांतूनच पुढे रत्नागिरी, दापोली किंवा लोणेरे येथे शिकायला गेलेल्या काही मुलामुलींना पहिली एटीकेटी (एखादा विषय राहणे), किंवा अपेक्षेपेक्षा कमी पडलेले चार गुण, मनाला इतके लागतात की ती शिक्षा म्हणून स्वतःला इजा करून घेऊ लागतात. हजेरी चोख आणि काम वेळेवर असल्यामुळे अशा विद्यार्थ्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

नीटनेटकेपणाची आवड वेगळी आणि चूक झाली म्हणजे आपण नालायक ठरलो ही समजूत वेगळी. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार मांडले. त्यांपैकी ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा ठेवतात’ असे वाटण्याच्या प्रकाराचा नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी निकटचा संबंध आढळला आहे. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधील आकृतीची एक रेघ चुकली म्हणून पूर्ण पान फाडून रात्री दोन वाजेपर्यंत ते पुन्हा लिहिणे, ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने सदरा भिजला तरी बाह्या न दुमडणे, जखमांची न पटणारी कारणे सांगणे, या गोष्टी एकत्र दिसू लागल्या तर विचारावे. एकाच खुणेवरून मात्र निष्कर्ष काढू नये.

विचारताना आडवळण नको. एकांतात, घाई नसताना, ‘तू स्वतःला इजा करून घेतोस का?’ असे सरळ विचारावे आणि त्यानंतर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही विचारावे. इजा करून घेणाऱ्या प्रत्येकाला मरायचे असतेच असे नाही, पण धोका वाढलेला असतो. आणि विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, इजा करता येईल अशा वस्तू दूर ठेवाव्यात आणि विश्वासातील मोठ्या माणसाला लगेच कळवावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊन बसू नये.

‘पुन्हा असे करणार नाही’ अशी ग्रामदेवतेची शपथ तर मुळीच घालू नये. मोडलेली शपथ ही अशा मुलाच्या हिशेबात आणखी एक नापासी ठरते आणि पुढची जखम तो अधिक काळजीपूर्वक लपवतो. ‘बाबांनी बागेवर कर्ज काढून शिकवले’ हे वाक्यही टाळावे. ते त्याच्या मनात आधीच दिवसभर घोळत असते.

उपचारांबरोबर एक छोटा सराव करता येतो. फारसे गुण नसलेली एखादी असाइनमेंट निवडावी, ‘यावर दोनच तास’ असे आधी ठरवावे आणि वेळ संपताच ती आहे तशी जमा करावी. काय भयंकर घडेल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे दोन्ही त्याने लिहून ठेवावे. पहिल्या वेळी अस्वस्थता वाढते, म्हणून सोबत कोणीतरी असावे.

मदतीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून त्यावर मराठीत बोलता येते. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला घरचे बिचकतात, पण तपासणीला जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा १०८ लावावा. पोलिसांच्या भीतीने जखम लपवू नये: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा केली जात नाही.

गणपतीला घर चाकरमान्यांनी भरते आणि आरतीनंतर प्रत्येक काका ‘किती पडले?’ असे विचारतोच. त्याचे उत्तर कोणी द्यायचे हे आईवडिलांनी मुलाशी बोलून आधीच ठरवावे आणि शक्यतो तो प्रश्न स्वतःवर घ्यावा. त्या सुट्टीतही समुपदेशकाची ठरलेली वेळ चुकवू नये. प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर ती फोनवर मागून घ्यावी.