पन्नाशीच्या आसपास पोल डान्स सुरू करताय? मग चढायचं कसं ते आधी नीट शिका

सांगलीत विश्रामबागला आमच्या वरच्या खोलीत पोल उभा आहे त्याला ६ वर्षं झाली. सुरू केलं तेव्हा मी ४७ची होते, आता ५३. या काळात मला विचारायला आलेले बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले, आणि जवळपास प्रत्येकाला कुणीतरी आधी एकच गोष्ट सांगून ठेवलेली असते की पहिलं वजन उतरवा, दंड कमवा आणि मगच पोलला हात लावा. हे ऐकू नका. पोलला लागणारी ताकद पोलवरच येते, आणि वजन उतरायची वाट बघत बसलात तर अजून ५ वर्षं अशीच जातील.

बीपी, काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळी गेली असेल तर हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं वाचू पण नका.

पोल

४५ मिलिमीटर जाडीचा घ्या. स्पर्धेत पण हीच जाडी असते आणि आपल्या बायकांच्या मुठीत ती बसते. क्रोम चालतो, पितळेची पकड उन्हाळ्यात जास्त चांगली मिळते. मी पहिला पोल एका फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या २ इंची पाइपचा करून घेतला होता, पैसे वाचवायला. पाइप मुठीत मावत नव्हता, वरची प्लेट दर आठवड्याला ढिली व्हायची, आणि एकदा मी लटकलेली असताना खोलीतल्या खोलीत दीड इंच सरकली. त्या दिवशी मुलाने तो काढून टाकला. या एका बाबतीत काटकसर करू नका.

वरती काँक्रीटचा स्लॅबच पाहिजे, शक्यतो बीमच्या खाली. पीओपीचं सिलिंग, पत्रा, कौलं, यातलं काहीही चालत नाही कारण दाबावर बसणारा पोल वर आणि खाली रेटूनच उभा राहतो. आधी उंची मोजा, बऱ्याच पोलची मूळ उंची ९ फुटांच्या आसपास संपते आणि आपल्याकडचा स्लॅब त्याहून वर असतो म्हणजे एक्स्टेन्शन लागतंच. लावताना ओळंबा धरा, नजरेवर जाऊ नका. चारी बाजूंना ५ फूट मोकळी जागा आणि खाली ४ इंची क्रॅश मॅट (पडलं तर झेलणारी जाड गादी), योगाची चटई नाही.

कपडे आणि कातडी

शॉर्ट्स घालाव्या लागतात, दुसरा इलाज नाही, कारण पोल कातडीने धरायचा असतो. लेगिंग घातली की घसरलात. लाज वाटते हे मला माहितीये, मी पहिले ३ महिने दार आतून लावून, पडदे ओढून करायचे. सासूबाईंनी एकदा बघितलं तर म्हणाल्या, "अगं, आम्ही कासोटा घालून शेतात कामं केली की." त्यानंतर पडदे उघडले.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सगळे व्हिडिओ सांगतात की हाताला चॉक, म्हणजे घाम टिपणारी पांढरी पूड, लावा. ते विशीतल्या घामेजलेल्या हातांसाठी बरोबर आहे. पाळी गेल्यावर कातडी कोरडी पडते आणि फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या कोरड्या हवेत तर पाय अक्षरशः कागदासारखे सुटतात, त्यावर चॉक लावला की अजून घसरतं. ओलसर फडक्याने नडग्या आणि पोटऱ्या पुसा, अर्धा मिनिट थांबा, मग चढा. सरावाच्या दिवशी अंगाला तेल, लोशन काहीही नको, आदल्या रात्री लावा. पोल सर्जिकल स्पिरिटने पुसायचा.

वॉर्मअप आणि पहिले महिने

१५ मिनिटं, मनगटं आणि खांदे जास्त. चुकवू नका.

पोलभोवती चालणं, साधे स्पिन, हे सगळं महिन्याभरात येतं. पोल फिरता असेल तर तो लॉक करून ठेवा. हील्स पहिल्या वर्षी नको.

एक मात्र प्रत्येक सरावाला करा. दोन्ही हातांनी पोल डोक्याच्या वर धरा, पाय जमिनीवरच ठेवा, आणि खांदे कानांपासून खाली ओढा, जणू खिशात घालताय. मग हळूहळू पायांवरचं वजन कमी करत जा. खांदे कानाला चिकटवून लटकलात तर चाळिशीनंतरचा खांदा माफ करत नाही, एकदा आखडला की वर्ष वर्ष जातं.

चढणं

इथेच लोक सोडून देतात आणि मी पण सोडणारच होते.

पहिले ४ महिने मी हातांनी चढत होते. म्हणजे पोल वर धरायचा, सगळं अंग हातांनी वर ओढायचं, पाय कसेतरी गुंडाळायचे, घसरायचं, परत ओढायचं. ऑनलाइन शिकवणाऱ्या एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या तुमचे हात कमजोर आहेत, पुलअप्स करा. मी केल्या. महिन्याभरात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की कुकरचं झाकण लावता येईना, ओला टॉवेल पिळता येईना. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की मुठीने सतत आवळून ओढल्यामुळे तिथले स्नायूबंध सुजलेत. ६ आठवडे पूर्ण बंद, आणि मग हलक्या डंबेलने मनगटाचे व्यायाम, वजन सावकाश खाली सोडायचे. म्हणून कोपर आतून दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा, "होईल बरं" म्हणून रेटू नका, त्या वयात ते बरं होत नाही, वाढतं.

त्या ६ आठवड्यांत एका ओळखीच्यांबरोबर मी मल्लखांबाचा सराव बघायला गेले. ८-१० वर्षांची पोरं, हाताच्या काड्या, आणि सरसर वर. तिथल्या वस्तादांना मी सरळ विचारलं की यांच्या हातात एवढी ताकद कुठून येते. ते म्हणाले, "ताई, हात बघू नका, अढी बघा." अढी म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड. एका पोराला त्यांनी अर्ध्यावर थांबवलं आणि हात सोडायला सांगितले. पोरगं हात जोडून तसंच बसून राहिलं.

तेव्हा मला कळलं की मी उलटं करत होते. चढायचं काम पायांचं, हात फक्त पुढची जागा धरून ठेवतात. ते पाय कसे घालायचे ते सांगते, सावकाश वाचा आणि खुर्ची घेऊन करा.

पोलसमोर तोंड करून खुर्चीवर बसा. उजवा पाय उचला, गुडघा पोलच्या उजवीकडे, पंजा डावीकडे, म्हणजे नडगी पोलवर तिरकी आडवी बसली पाहिजे. पंजा आपल्याकडे ओढलेला ठेवा, आकड्यासारखा. पंजा सैल पडला की सगळं गेलं, ९० टक्के लोक इथेच चुकतात आणि खापर हातांवर फोडतात. आता डावा पाय पोलच्या पलीकडून आणा आणि पोटरीने पोल नडगीवर दाबा. पोल आता उजवी नडगी आणि डावी पोटरी यांच्यात अडकित्त्यात धरल्यासारखा पाहिजे. दोन्ही गुडघे एकमेकांकडे आवळा. दुखेल, नडगीवर खूप दुखेल, आणि पहिले काही आठवडे काळंनिळं होईल. ते चालतं. सांध्यात टोचलं किंवा कळ निघाली तर ते चालत नाही, तो फरक स्वतःच्या अंगाचा स्वतःच ओळखायचा.

हात डोक्याच्या थोडे वर, खांदे खाली. आता पायाची पकड न सोडता खुर्चीवरून फक्त बूड उचला आणि १० मोजा. एवढंच. परत बसा. आठवडाभर याच्या पुढे जायचं नाही, आणि दोन्ही बाजूंनी करायचं, डावी नडगी पुढे घालून पण. एकाच बाजूने केलंत तर पाठ वाकडी ओढली जाते, मी ते पण करून बसलेय.

दुसऱ्या आठवड्यात बूड उचललं की तिथून उभं राहायचं. कंबर आधी मागे असते, ती पोलकडे ढकलत पाय सरळ करायचे, खुर्चीवरून उठतो तसंच. तुम्ही आपोआप वर जाता आणि मग हात रिकामे असल्यासारखे एकेक करून वर सरकवता येतात. हात सरकवताना पकड ढिली वाटत असेल तर वर जाऊ नका, परत खाली. खरी परीक्षा म्हणजे पहिल्या पायरीवर थांबून एक हात सोडून बघणं. सुटला नाहीत तर दुसरी पायरी घ्या. मग हातांवर क्षणभर वजन, गुडघे छातीकडे, परत पकड, परत उभं राहायचं. त्या क्षणापुरते हात लागतात, तेवढी ताकद तोवर आलेली असते.

४ महिने जे जमलं नव्हतं ते अशा पद्धतीने मला ३ आठवड्यांत जमलं. वरती स्लॅबला हात लागला तेव्हा मी खाली यायलाच तयार नव्हते.

खाली येताना घसरत यायचं नाही, मांडीची कातडी सोलून निघते. चढलात त्याच पायऱ्यांनी उतरा, हाताखाली हात. उडी तर कधीच नाही, गुडघे अजून बरीच वर्षं लागणारेत. म्हणून वर जायची ताकद संपायच्या आधीच उतरायला लागा.

आणि एक, मल्लखांबवाले खांबाला आणि अंगाला एरंडेल लावतात, ते बघून पोलला तेल लावू नका. लाकडाच्या जाड खांबावर ते चालतं, धातूवर मरण आहे.

तेल म्हटलं की आठवतं, घरच्यांना पटवायला बरेच जण सांगतात की पोल डान्स मल्लखांबातूनच आलाय. मल्लखांब आपला आहे, १२व्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो परत उभा केला, त्याचा मला अभिमान आहे. पण आजचा पोल डान्स परदेशातल्या क्लबमध्ये नाचणाऱ्या बायकांनी घडवला. रोज रात्री पोटासाठी नाचत त्यांनी एकेक युक्ती शोधली, ती आज आपण शिकतो. लावणीवाल्या बायकांना नावं ठेवत त्यांचीच लावणी लग्नात लावणारा समाज आपला. त्या बायकांचं नाव लपवून मी पोल करणार नाही, आणि तुम्हालाही तसं करायला सांगणार नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा, पोल डान्स करते.

उलटं होणं

चढणं दोन्ही बाजूंनी, सलग ३ वेळा, दम न लागता होईपर्यंत उलटं व्हायचं नाव काढू नका. आणि ते व्हिडिओ बघून अजिबात नाही. मला सांगलीत शिकवणारं कुणी सापडलं नाही म्हणून मी महिन्यातून दोनदा सकाळची गाडी धरून पुण्याला जायचे, फक्त उलटं व्हायला शिकायला, ८ महिने. कुणीतरी बाजूला उभं राहून कंबर धरणारं पाहिजे. पाय झटका मारून वर फेकायचे नाहीत, पोटाने उचलायचे, आणि पोटाने उचलत नसतील तर अजून वेळ आहे.

आठवड्यात ३ दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, एका वेळी तासाभराच्या वर नाही. महिन्यातून एकदा पोलचा ताण आणि ओळंबा तपासा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.